टेम्प्लेटचा रंग दुसऱ्याच्या टाइमलाइनवर टिकवायचा कसा

लोअर थर्डची, म्हणजे पडद्याच्या खालच्या भागात येणाऱ्या नावपट्टीची, फाइल एकच असते. एका एडिटरकडे तिची पट्टी नारिंगी दिसते, दुसऱ्याकडे विटकरी, आणि तिसऱ्याकडे इतकी भडक की वरचं नाव वाचता येत नाही. तिघेही टेम्प्लेट बनवणाऱ्याला फोन करतात आणि म्हणतात, आम्ही काहीच केलेलं नाही. बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात.

मी असे टेम्प्लेट बनवते: नावपट्ट्या, शीर्षकं, ट्रान्झिशन, शेवटची पाटी. बांधणी आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये होते आणि वापर प्रीमिअर या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये. काही पॅकेजेस रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग प्रोग्रॅमसाठी, त्यातल्या फ्यूजनमध्ये करते. त्यात फुटेज माझं नसतं, प्रोजेक्ट माझा नसतो, आणि मॉनिटरबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून सगळं काम मी एका नियमावर उभं करते. टेम्प्लेटने आपले स्वतःचे रंग कोणत्या कलर स्पेसमधले आहेत ते स्पष्ट सांगायचं, आणि दुसऱ्याच्या फुटेजच्या रंगाला हात लावायचा नाही. रंगांचं रूपांतर यजमान प्रोजेक्टने, म्हणजे टेम्प्लेट ज्यात जाऊन बसतं त्याने, करायचं. खाली जे सांगतेय ते याच नियमाचा तपशील आहे.

नुसता आकडा म्हणजे रंग नव्हे

माझ्या एका पॅकेजमधल्या पट्टीचा रंग आहे लाल २३२, हिरवा ८९, निळा १२. हे तीन आकडे स्वतःहून काहीच सांगत नाहीत. त्यांच्यामागे तीन गोष्टी ठरलेल्या लागतात: मूळ लाल-हिरवा-निळा नेमका कोणता, पांढरा कोणता, आणि आकड्याचा प्रकाश होताना कोणता वक्र लागतो. वेबवरचा एसआरजीबी आणि व्हिडिओचा रेक.७०९ यांचे मूळ रंग तेच आहेत, पांढराही तोच, डी६५. फरक आहे तो वक्राचा. व्हिडिओच्या मॉनिटरसाठी २०११ साली आलेली बीटी.१८८६ ही शिफारस साधारण २.४ गॅमा (वक्र किती वाकडा याचा आकडा) धरते. एसआरजीबीचा वक्र वेगळा आहे, सावल्यांमध्ये जरा उजळ.

फरक किती पडतो? १२८ हा आकडा घ्या. एसआरजीबीत तो पूर्ण पांढऱ्याच्या सुमारे २१.६ टक्के प्रकाश देतो, २.४ गॅमात सुमारे १९.१ टक्के. एकटा पाहिला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दोन्ही शेजारी आले की डोळा लगेच पकडतो, आणि टेम्प्लेटमध्ये ते हमखास शेजारी येतात.

बांधताना: वर्किंग स्पेस आणि लोगोचा घोळ

एसडीआर, म्हणजे नेहमीच्या उजेडाच्या पल्ल्यातल्या, ग्राफिक्ससाठी मी आफ्टर इफेक्ट्सच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये, कलर या टॅबखाली, वर्किंग स्पेस (आतला हिशेब ज्या कलर स्पेसमध्ये होतो ती) रेक.७०९ गॅमा २.४ ठेवते आणि खोली १६ बिट. आठ बिटमध्ये पट्टीवरच्या सौम्य ग्रेडियंटला पायऱ्या पडतात, आणि वरून कोणी ग्रेड केलं की त्या उघड्या पडतात. ३२ बिट फक्त खरोखर प्रकाशासारखे वागणारे इफेक्ट असतील तेव्हाच; नावपट्टीला त्याची गरज नसते, फाइल मात्र जड होते. ‘लिनिअराइझ वर्किंग स्पेस’ बंद. ‘ब्लेंड कलर्स युझिंग १.० गॅमा’ हेही बंद. का ते पुढे येईल.

वर्किंग स्पेस ‘नन’ ठेवणारे बरेच आहेत. सगळं काम एसडीआरमध्येच होणार असेल तर त्यांचं काही बिघडत नाही. पण मग फाइलमधले आकडे बिननावाचे राहतात, आणि पुढे कोणी एचडीआर (उजेडाचा पल्ला जास्त असलेली) टाइमलाइन उघडली की ते आकडे कशातले हे ठरवायला कोणीच नसतं.

आता घोळ. पट्टीचा रंग आपण कलर पिकरमध्ये आकड्यांनी टाकतो, म्हणजे ते आकडे वर्किंग स्पेसचे. क्लायंटचा लोगो येतो पीएनजी म्हणून, आणि प्रोफाइल नसेल तर आफ्टर इफेक्ट्स त्याला एसआरजीबी समजून वर्किंग स्पेसमध्ये बदलतं. लोगोतला तोच २३२, ८९, १२ साधारण २३३, ९८, २५ होतो. पट्टी होती तशीच राहते. शेजारी शेजारी दोन नारिंगी! क्लायंट म्हणतो, पट्टी चुकली. खरं तर दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या नियमांनी.

यावर दोन रस्ते आहेत. लोगो साधा असेल तर त्याचं शेप लेयरमध्ये रूपांतर करा. मग त्याचे रंगही वर्किंग स्पेसमधले होतात आणि एडिटरला ते बदलताही येतात. मला हाच पसंत आहे. लोगोत फोटोसारखा तपशील असेल तर इंटरप्रिट फुटेजमध्ये कलर मॅनेजमेंटखाली ‘प्रिझर्व्ह आरजीबी’ लावा, म्हणजे आकडे जसेच्या तसे राहतात. रंगशास्त्राचा काटेकोर माणूस म्हणेल की असं केल्याने प्रकाश बदलतो. बदलतोच. पण ब्रँडबुकातला आकडा स्कोपवर (सिग्नल मोजणाऱ्या आलेखावर) सापडणं हे क्लायंटला तपासता येतं, आणि ग्राफिक्समध्ये माझ्या लेखी त्याला जास्त किंमत आहे. एक धोरण निवडा आणि पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलला तेच लावा. अर्ध्या फाइल्स एका धोरणाने आणि अर्ध्या दुसऱ्याने, याच्याइतकं वाईट काही नाही.

पारदर्शकता: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

घन रंगाची पट्टी कुठेही गेली तरी निभावते. खरी परीक्षा अर्धपारदर्शक गोष्टींची होते: सावली, धूसर कड, फेड, मजकुरामागची काळी छटा.

पांढऱ्यावर ५० टक्के काळा टाकला की नेहमीच्या गॅमा ब्लेंडिंगमध्ये, म्हणजे नुसत्या आकड्यांची सरासरी काढली तर, उत्तर येतं १२८. लिनिअर ब्लेंडिंगमध्ये, म्हणजे प्रकाशाची खरी सरासरी काढली तर, एसआरजीबीच्या हिशेबाने उत्तर येतं १८८. ओपॅसिटी तीच, पण छटा जवळजवळ निम्मीच जाणवते. वर लिहिलेलं नाव ढगाळ आभाळावर वाचता येत नाही. प्रीमिअरच्या सीक्वेन्स सेटिंग्जमध्ये ‘कंपोझिट इन लिनिअर कलर’ अशी खूण असते. ती एका एडिटरकडे चालू असते आणि दुसऱ्याकडे बंद. तुमच्या टेम्प्लेटच्या आत तुम्ही काहीही ठरवा, टेम्प्लेट फुटेजवर बसताना हिशेब त्याच्या सेटिंगने होतो. म्हणूनच आतले लिनिअरचे पर्याय मी बंद ठेवते: आत एक हिशेब आणि बाहेर दुसरा असला की कडा कोणाच्या चुकीने बिघडल्या हे शोधता येत नाही.

काळ्या छटेचा हिशेब सोपा आहे. गॅमात ५० टक्क्यांनी जो परिणाम होतो त्यासाठी लिनिअरमध्ये सुमारे ७८ टक्के ओपॅसिटी लागते (२.२ गॅमा धरून, २.४ धरला तर ८१). एका आकड्यात दोन्हीकडे बरोबर बसणारी छटा होत नाही. म्हणून मी ओपॅसिटीचा स्लायडर इसेन्शियल ग्राफिक्समध्ये बाहेर काढते, म्हणजे एडिटरला तो बदलता येतो, आणि त्याचं नाव ठेवते ‘मागची छटा (लिनिअरमध्ये ७८)’. दिसायला ओबडधोबड नाव आहे, पण एडिटरला फोन करावा लागत नाही.

मजकुरावरही हाच परिणाम दिसतो. गडद पार्श्वभूमीवरचा बारीक पांढरा मजकूर लिनिअरमध्ये जाड दिसतो, उजळ पार्श्वभूमीवरचा काळा मजकूर बारीक होतो. देवनागरीत हे जास्त जाणवतं, कारण शिरोरेषा आणि मात्रा आधीच दाटीने बसलेल्या असतात. ‘लाइट’ वजनाचा फाँट टेम्प्लेटमध्ये देऊ नका. ‘मीडियम’पासून सुरुवात करा. रुंद, मऊ सावलीपेक्षा घन रंगाची पातळ किनार द्या. तिच्यात मधल्या छटा कमी, म्हणून फरकही कमी.

‘स्क्रीन’ या ब्लेंड मोडबद्दल एक ताकीद. त्याचं सूत्र आकडे ० ते १ मध्येच असतील असं धरतं. एचडीआर किंवा लिनिअर प्रोजेक्टमध्ये आकडे १ च्या वर जातात. खाली ३ आणि वर ०.५ असेल तर उत्तर येतं २, म्हणजे प्रकाश टाकल्यावर चित्र काळवंडलं. दोन्हीकडे ३ असेल तर उत्तर उणे ३, म्हणजे ऐन झगमगाटात काळं भोक. काही प्रोग्रॅम आकडे कापून हे लपवतात, काही लपवत नाहीत. लाइट लीक आणि ठिणग्या मी अल्फासकट (पारदर्शकतेच्या माहितीसकट) देते किंवा ‘अ‍ॅड’वर ठेवते.

लॉग टाइमलाइन: भडक पट्टी कुठून आली

सुरुवातीची भडक पट्टी इथली. एडिटर रिझॉल्व्हमध्ये कलर मॅनेजमेंट बंद ठेवतो आणि सगळं नोड्सनी करतो. क्लिपवर एक कलर स्पेस ट्रान्सफॉर्म कॅमेऱ्याच्या लॉगमधून (जास्त प्रकाश सामावण्यासाठी दाबलेल्या सिग्नलमधून) डाविंची वाइड गॅमट इंटरमीडिएटमध्ये आणतो, आणि टाइमलाइनच्या पातळीवर दुसरा रेक.७०९ मध्ये नेतो. फुटेज दोन्हींमधून जातं. तुमचं टायटल फक्त दुसऱ्यातून. त्या लॉगमध्ये १.० म्हणजे साध्या पांढऱ्याच्या १०० पट प्रकाश. एसेस या चित्रपटांसाठीच्या रंगव्यवस्थेतल्या एसीईएससीसीटी या लॉगमध्ये तर १.० म्हणजे जवळपास २२३ पट. तिथे साधा पांढरा ०.५५ च्या आसपास बसतो. तुमच्या पट्टीतला लाल ०.९१ आहे. आता निऑन का झाला हे वेगळं सांगायला नको.

यावर टेम्प्लेटच्या आत उपाय करू नका. आत लॉगमध्ये नेणारा ट्रान्सफॉर्म टाकलात तर तेच टेम्प्लेट साध्या टाइमलाइनवर मेलेलं, राखाडी दिसेल. एडिटरला मांडणी सांगा: टाइमलाइनच्या पातळीवरचा ट्रान्सफॉर्म काढून तो एका अ‍ॅडजस्टमेंट क्लिपवर लावायचा, ती क्लिप फुटेजच्या वरच्या ट्रॅकवर ठेवायची, आणि टायटल तिच्याही वर. मग टायटल कशातूनच जात नाही आणि २३२ हा २३२ च राहतो.

काही जण टायटललाच रेक.७०९ मधून लॉगमध्ये नेणारा ट्रान्सफॉर्म लावतात. भडकपणा जातो, पण पुढे टोन मॅपिंग असेल तर पांढरा शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही, मळकट दिसतो, आणि नारिंगीची विटकरी होते. सुरुवातीचा दुसरा एडिटर बहुधा हाच. टोन मॅपिंग वरच्या प्रकाशाला दाबून जागा करतं, आणि ग्राफिक्सचा पांढरा त्यात नाहक दाबला जातो. एसेसमध्ये यासाठी ग्राफिक्सची इनपुट कलर स्पेस म्हणून आउटपुट रेक.७०९ निवडता येते; मग आउटपुट ट्रान्सफॉर्मचा उलटा हिशेब लागून ब्रँडचा आकडा परत तसाच बाहेर येतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये ओपन कलर आयओ वापरत असाल तर तिथेही हीच निवड. पण याची किंमत आहे: एसेस १ मध्ये असा उलटा केलेला पांढरा लिनिअरमध्ये १ वर नाही, १६ च्या आसपास जाऊन बसतो. त्याच्यावर ग्लो किंवा ब्लर टाकला की कडांवर आग लागते. घन पट्ट्यांना हा रस्ता चालतो, चमकणाऱ्या शीर्षकांना नाही.

एचडीआर

इथे प्रश्न एकच: ग्राफिक्सचा पांढरा किती निट (उजेड मोजायचं एकक)? पीक्यू या एचडीआर वक्राची कमाल १०,००० निट आहे, आणि नावपट्टीने तिथे जाऊ नये याबद्दल कोणाचंही दुमत नसावं. बीटी.२४०८ या अहवालात संदर्भ पांढरा २०३ निट धरला आहे, म्हणजे पीक्यूत सिग्नलच्या ५८ टक्के आणि एचएलजी या दुसऱ्या एचडीआर वक्रात ७५ टक्के. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एचडीआर ग्राफिक्स व्हाइटचा पर्याय असतो आणि त्यातही २०३ आहे. टेम्प्लेट एसडीआर रेक.७०९ म्हणूनच द्या आणि वर उचलण्याचं काम यजमान प्रोजेक्टवर सोडा. वेगळी एचडीआर आवृत्ती मी फक्त एकाच कारणासाठी बनवते: शीर्षकात खरोखर पांढऱ्याहून उजळ काही हवं असेल तर.

आत भरलेली मीडिया

आधीच रेंडर केलेले कण, धूर, कागदाचा पोत हे प्रोरेस ४४४४ मध्ये द्या, अल्फा स्ट्रेट. प्रीमल्टिप्लाइड अल्फाच्या कडांमध्ये काळा मिसळलेला असतो. तो न सोडवता रंगाचं रूपांतर झालं की कडेला गडद किंवा उजळ रेघ उमटते. फाइलवरचे रंगाचे टॅग १-१-१ आहेत का पाहा: मूळ रंग, वक्र आणि मॅट्रिक्स, तिन्ही ७०९. टॅग नसलेली फाइल प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या समजुतीने वाचतो. लेव्हल्सही तपासा. आठ बिटमध्ये व्हिडिओ लेव्हल १६ ते २३५, पूर्ण लेव्हल ० ते २५५; एकाला दुसरी समजलं की काळा राखाडी होतो किंवा सावल्या गिळल्या जातात.

लट, म्हणजे रंग बदलण्याचा तयार तक्ता, टेम्प्लेटमध्ये भरू नका. ती एका विशिष्ट इनपुटसाठी बनलेली असते आणि खाली काय येणार हे तुम्हाला माहीत नाही. लॉगसाठीची लट रेक.७०९ फुटेजवर बसली की चेहरे जळतात. शिवाय बहुतेक लट १ च्या वरचं सगळं कापतात, म्हणजे एचडीआर गेलं. क्लायंटला ‘लुक’ हवाच असेल तर लट वेगळ्या फोल्डरमध्ये, इनपुट आणि आउटपुट दोन्ही फाइलच्या नावात लिहून.

फुटेजला स्पर्श करणारं ट्रान्झिशन, जसं व्हिप ब्लर, हे लॉगमध्ये फिकट आणि लिनिअरमध्ये झगझगीत दिसणारच. तो यजमान प्रोजेक्टचा स्वभाव आहे. आत ट्रान्सफॉर्मची जोडी घालून तो बदलायच्या फंदात पडू नका.

तपासणी

डोळ्यांवर विसंबू नका, स्कोप वापरा. प्रत्येक पॅकेजसोबत मी एक तपासणीची फ्रेम बनवते. तिच्यात ब्रँडच्या रंगांचे चौकोन, शुद्ध पांढरा, १२८ चा राखाडी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उतार, ५० टक्के काळी छटा आणि बारीक देवनागरीची एक ओळ असते. जोडाक्षरं भरपूर असलेली ओळ घ्या. ही फ्रेम टेम्प्लेटसारखीच निर्यात करून या टाइमलाइन्सवर टाकते: साधी रेक.७०९, तीच लिनिअर कंपोझिटिंग चालू ठेवून, कलर मॅनेज्ड वाइड गॅमट, पीक्यू आणि एचएलजी. रिझॉल्व्हचं पॅकेज असेल तर वरची अ‍ॅडजस्टमेंट क्लिपची मांडणीही.

पहिल्या दोन्हींत घन चौकोनांचे आकडे जसेच्या तसे यायला हवेत. आठ बिटच्या हिशेबात दोनेक अंकांचा फरक मी सोडून देते. छटा आणि मजकुराच्या कडा मात्र दुसरीत बदलणारच, तिथे वाचता येतं की नाही एवढंच बघायचं. वाइड गॅमटमध्ये निर्यात केलेली फाइल परत आणून मोजा, व्ह्यूअरमध्ये नाही. पीक्यूत पांढरा ५८ टक्क्यांवर आणि एचएलजीत ७५ टक्क्यांवर बसला पाहिजे. नाही बसला तर आधी प्रोजेक्टची सेटिंग पाहा, मग टेम्प्लेट.

एक तक्रार हमखास येते: प्रोग्रॅममध्ये ठीक, पण मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये फिकट. कारण मॅकचं कलर व्यवस्थापन १-१-१ टॅगची फाइल साधारण १.९६ गॅमाने वाचतं. संपूर्ण व्हिडिओ फिकट दिसत असेल, फुटेजसकट, तर तो टेम्प्लेटचा दोष नाही. पट्टी जरा गडद करून ‘दुरुस्त’ करण्याची विनंती आली तर नम्रपणे नकार द्या. प्रीमिअरमध्ये व्ह्यूअर गॅमा १.९६, २.२ आणि २.४ असा निवडता येतो; एडिटरला तो पर्याय दाखवा, बहुतेकांचं समाधान होतं.

सोबतची चिठ्ठी

पॅकेजच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवते. माझ्या शेवटच्या पॅकेजमधली अशी होती:

‘सर्व ग्राफिक्स रेक.७०९, गॅमा २.४, एसडीआर. ब्रँड नारिंगी २३२, ८९, १२. लोगोतही तोच, आकडे राखून. अल्फा स्ट्रेट. आत लट नाही, ट्रान्सफॉर्म नाही. लिनिअर कंपोझिटिंग चालू असेल तर मागची छटा ७८ करा. लॉग टाइमलाइनवर टायटल आउटपुट ट्रान्सफॉर्मच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा. एचडीआरमध्ये ग्राफिक्स व्हाइट २०३.’

खाली मी प्रोग्रॅमची आवृत्ती लिहिते, कारण कलर मॅनेजमेंटचं वागणं आवृत्तीगणिक बदलतं. प्रीमिअरमध्ये २०२५ च्या २५.२ आवृत्तीत ते मोठ्या प्रमाणावर नव्याने आलं. नवी आवृत्ती आली की तपासणीची फ्रेम पुन्हा त्याच टाइमलाइन्सवर फिरवते. आकडे हलले नाहीत तर चिठ्ठीत फक्त आवृत्तीचा क्रमांक वाढतो. हलले तर टेम्प्लेटला नवा क्रमांक देऊन वेगळी फाइल काढते, आणि जुनी तशीच ठेवते, कारण चालू प्रोजेक्टमध्ये ती कोणाच्या तरी टाइमलाइनवर बसलेली असते.